कडेच्या वाट्या

३ फेब्रुवारी

बारक्या,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र कट करता येत नाही. फाडता येतं, पण ते आधी तुझ्या बायकोच्या हातात पडेल आणि ती वाचल्याशिवाय फाडू देणार नाही, एवढी मला तिची खात्री आहे.

बेचाळीस वर्षांचा घोडा झालास, दाराच्या चौकटीला डोकं आपटतोस, तरी मी तुला बारक्याच म्हणणार. त्याचा राग येत असेल तर येऊ दे. मला सध्या तुझा जेवढा राग आलाय त्याच्या पासंगालाही तो पुरणार नाही.

सहा वर्षं ज्या गोळ्यांनी तुझ्या आतड्याची सूज आवरून धरली त्या तू बंद केल्यास. डॉक्टरांना न विचारता. आणि त्यांच्या जागी काय, तर इंटरनेटवरून मागवलेल्या कुपीतली पांढरी पावडर. ती फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात ठेवायची आणि रोज पाण्यात विरघळवून पोटाच्या कातडीत टोचून घ्यायची. हे मला जानेवारीत तुझ्या बायकोकडून कळलं. तोवर त्या कुपीचा मला पत्ताही नव्हता. कळल्यावर मी फोनवर ओरडले हे खरं आहे. कोणीही ओरडलं असतं. तू मात्र एक शब्द न बोलता फोन ठेवलास आणि तेव्हापासून मौन धरून बसलायस.

आता शांतपणे लिहिते. प्रथिनं म्हणजे लांबलचक साखळ्या आणि त्यांचा लहानसा तुकडा म्हणजे पेप्टाइड, हे मी तुला बाबांच्या वाढदिवसाला जेवताना सांगितलं होतं. माझं पेप्टाइड, जे तू पावडर म्हणून टोचून घेतोयस, ते तर अगदीच चिमुकलं, तीनच कड्यांचं. चार वर्षं मी त्याच्या मागे आहे. प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये करंगळीच्या नखाएवढ्या शहाण्णव वाट्या असतात. त्यांत आतड्याच्या पेशी वाढवायच्या, जंतूंच्या कवचाचा अंश घालून त्यांना चिडवायचं. चिडल्या की त्या सूज वाढवणारं एक प्रथिन सोडतात, ते मोजायचं. पेप्टाइड घातलेल्या वाट्यांत ते निम्म्यावर आलं. एवढंच माझ्या लेखात आहे. वाटीतल्या पेशीला ना ड्यूटी, ना बायको, ना जेवणाची वेळ. तिथून माणसाच्या पोटापर्यंत फार लांबचा रस्ता आहे.

तू म्हणशील, ताई, तूच तर सांगितलंस. मी पेशींबद्दल सांगितलं. आपण भांडी विसळत होतो आणि तू विचारलंस, हे मिळालं तर माझ्या गोळ्या सुटतील का. तेव्हा मी स्पष्ट म्हणाले की अजून दहा-पंधरा वर्षं आहेत. आठवून बघ.

मला कळतं रे. सिग्नलला चाळीस माणसांची बस उभी करून तुला समोरच्या हॉटेलात पळावं लागलं, आणि परत आलास तेव्हा दोघे मोबाइलवर तुझं शूटिंग करत होते. त्यानंतर डेपोतल्या खोलीत बसून फळ्यावर दुसऱ्यांच्या फेऱ्या लिहीत तू चार वर्षं काढलीस. तुला स्टिअरिंग परत हवं होतं. पण त्यासाठी आतडं पणाला लावायचं नसतं.

गोळ्या चालू कर. नंतर माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, चालेल.

ताई


२१ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही, पण तुझ्या बायकोचा फोन आला. तू बरा आहेस म्हणे. पोट शांत, भूक लागते, आणि डिसेंबरपासून पुन्हा बस चालवतोस. भाचीने पहिल्या दिवशी तुझा खाकी शर्ट इस्त्री करून दिला. हे सगळं ती मला भीतभीत सांगत होती, जणू माझ्याविरुद्ध साक्ष देतेय.

मला आनंद झाला नाही असं वाटत असेल तर तू अजूनही बारक्याच आहेस. झाला. पण त्या आनंदाच्या मागोमाग लगेच चिडचिड झाली, कारण आता तू ऐकणार कसा? या आजाराचा स्वभाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काही न करताही तो चार-चार महिने निपचित पडतो. आधीच्या दोन वर्षांत तुझं असं दोनदा झालं होतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि तू कावळ्याचे पाय धरून बसलायस.

इकडे माझं नशीबही काही विशेष नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या गृहस्थांनी लिहिलंय की आमचा प्रयोग त्यांच्याकडे जमत नाही. फार सभ्य भाषेत. मी तेवढ्याच सभ्य भाषेत कळवलं की तुमच्या माणसांचा हात बसलेला नसावा. त्यांना दाखवायला म्हणून प्रयोग पुन्हा लावला, तर प्लेट वाचणारं मशीन बिघडलं. पहिल्या आणि शेवटच्या रांगेत काहीच्या बाही आकडे दाखवतंय. मशीनवाला आला, अर्धा तास त्याच्या पोटात डोकं घालून बसला आणि म्हणाला की सुटा भाग यायला तीन आठवडे लागतील. तोवर कडेच्या वाट्यांत नुसतं पाणी भरा आणि आतल्या साठ वापरा. मी म्हटलं, माझी तुलना कडेलाच असते. तो म्हणाला, मग तुलना आत घ्या. पाना हातात धरणारी माणसं आता मला प्रयोग शिकवणार.

हे तुला का सांगतेय कोण जाणे. सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून असेल.

गोळ्यांचं काय केलंस ते कळव. एका ओळीत कळव.

ताई


१२ मार्च

बारक्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फार हुशार झाली होती.

माझा लेख चुकला आहे. लेखातला एखादा आकडा नाही, अख्खा लेख.

मशीनवाल्याने सांगितलं तसं मी केलं. कडेला पाणी, बाकी सगळं आत. पेप्टाइड असलेल्या वाट्या आणि नसलेल्या वाट्या शेजारी-शेजारी आल्या. दोघींचे आकडे सारखे. मी पहिल्यांदा मशीनला शिव्या घातल्या. मग पेशी जुन्या झाल्या असतील म्हणून नव्या घेतल्या, पेप्टाइडची नवी कुपी फोडली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. सात वेळा केलं आणि सातही वेळा फरक शून्य.

आता ऐक. माझ्या पहिल्या गुरूंनी मला प्लेट भरायला शिकवली ती अशी: पहिली रांग साधी, शेवटची रांग साधी, मधल्या सगळ्यांत औषध. मोजताना गोंधळ होत नाही. वीस वर्षं मी तशीच भरते, डोळे मिटून भरेन. आणि प्लेट उबेच्या कपाटात ठेवली की कडेच्या वाट्यांतलं पाणी मधल्यांपेक्षा जास्त उडतं. अगदी थोडं, पण उरलेलं खारट होतं आणि त्यातल्या पेशी वैतागतात, जास्त प्रथिन सोडतात. मी कडेच्या वैतागलेल्या पेशींशी मधल्या सुखी पेशींची तुलना केली आणि त्या सुखाचं श्रेय पेप्टाइडला दिलं. चार वर्षं.

कडेच्या वाट्यांचा भरवसा धरू नये, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. मी स्वतः दुसऱ्यांना शिकवते. माझ्या हाताला मात्र ते लागू नाही असं मला वाटत होतं, म्हणजे वाटत होतं असंही नाही, तसा विचारच कधी केला नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

त्या सभ्य गृहस्थांची माफी मागितली. आमच्या मोठ्या मॅडमना सगळे कागद नेऊन दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या की लेख आहे तसा राहू दे, पुढचं काम नीट कर, जग काही तुझा लेख वाचून चालत नाही. मी म्हटलं, एक माणूस चालतोय. त्यांना कळलं नाही आणि मी समजावलं नाही. लेख मागे घेतोय असं मासिकाच्या संपादकांना काल कळवलं. ज्याचं नाव लेखात माझ्या खाली आहे तो सहकारी आता माझ्यासोबत चहाला येत नाही. त्याचं बरोबर आहे.

हे पेप्टाइड कुचकामी आहे असं मी म्हणत नाही. ते काय करतं ते इतर लोक शोधतायत, शोधतील. पण ज्या कागदावर तू विश्वास ठेवलास त्या कागदात काही नाही. तो मी लिहिला होता आणि मीच सांगतेय.

आता तरी गोळ्या घे.

ताई


२९ मार्च

बारक्या,

अखेर तुझं उत्तर आलं, ड्यूटीच्या तक्त्याच्या पाठीमागे चार ओळी. तू विसरला असशील म्हणून इथे उतरवते:

"ताई, तुझ्या वाट्या चुकल्या असतील. माझं पोट चुकत नाही. जवळपास चार महिने रोज चार फेऱ्या मारतोय, कुठेही उतरावं लागलं नाही. तुझ्यावर कोणी दबाव आणलाय का? आणि पहिल्या पत्रात काय लिहिलंस ते एकदा स्वतः वाच."

वाचून मी कपाटाचं दार एवढ्या जोरात आपटलं की शेजारची विचारायला आली.

दबाव कोण आणणार, तुझ्या त्या जुन्या गोळ्या विकणारे? माझं नावही त्यांना ठाऊक नाही. लेख खरा होता तेव्हा तो खरा कारण मी हुशार, आणि आता मी खोटा ठरवला तर मला कोणीतरी विकत घेतलं. वा. मी चुकले तेव्हा तू माझं लगेच ऐकलंस आणि बरोबर बोलतेय तर पालथ्या घड्यावर पाणी. वीस वर्षांत एवढी हतबल मी कधी झाले नव्हते. प्रयोगशाळेतल्या उंदराला समजावता येत नाही हे मला माहीत आहे, पण तो निदान चार ओळींचं उत्तर पाठवत नाही.

तुझी शेवटची ओळ मला कळली नाही. असो.

मला कळलेली दुसरी एक गोष्ट आहे. काल तुझ्या बायकोने फोन केला आणि बोलता बोलता सांगून टाकलं, की तू ड्यूटीला निघायच्या आधी सकाळीच चारदा आत जातोस. पट्ट्याला नवं भोक पाडलंस. विचारलं तर म्हणतोस, ऊन वाढलंय. बारक्या, उन्हाने पट्टा सैल होत नाही. तुझ्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात आणि त्यांतलं एकही तुझी बहीण नाही, की तू सांभाळून घेशील म्हणून गप्प बसावं.

तेव्हा आता मी लिहीत बसणार नाही. येत्या रविवारी सकाळी सात दहाची तुझी बस आहे, हे मी विचारून घेतलंय. मी डेपोतूनच बसणार, तुझ्या मागच्या सीटवर. मला उतरवायचं असेल तर गाडी थांबवून, उठून, माझ्याकडे तोंड करून सांगावं लागेल.

ताई


१० एप्रिल

बारक्या,

रविवारबद्दल तू कोणाला काही सांगितलं नाहीस हे कळलं. मीही नाही. पण एकदा लिहून ठेवते, कारण पुढचं जे लिहायचंय ते त्याच्याशिवाय लिहिता येणार नाही.

तू मला चढताना पाहिलंस आणि आरसा दुसरीकडे वळवलास. चाळीस मिनिटं तुझ्या मानेखेरीज मला तुझं काही दिसत नव्हतं. गाडी तू काय सुंदर चालवतोस. पुलावरच्या खड्ड्यांत माझ्या मांडीवरची पाण्याची बाटलीसुद्धा कलंडली नाही. मी ठरवून आलेलं सगळं भाषण तिथेच विसरले आणि वाटलं, याच्याकडून हे काढून घ्यायला आलेय मी.

मोठ्या हॉस्पिटलच्या थांब्यानंतर तू स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलंस. त्याच्या पुढच्या थांब्यावर सगळे चढले तरी गाडी निघेना. मग निघाली. शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद करून तू उतरलास आणि न धावता, पण धावल्यासारखा, त्या पत्र्याच्या संडासाकडे गेलास. अकरा मिनिटं. परतीची माणसं चढत होती. पिशव्या घेतलेल्या एका बाईंनी मला विचारलं, ड्रायव्हर येणार आहे की नाही. मी म्हटलं, येतोय, माझा भाऊ आहे. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे, आणि पिशव्या खाली ठेवल्या.

तू तोंड धुऊन आलास. शर्ट गळ्यापाशी ओला. सीटवर न बसता माझ्याजवळच्या पायरीवर बसलास.

"रक्त पडतंय," म्हणालास. "दहा दिवस झाले."

मी मांडीवरची बाटली तुझ्या हातात दिली.

"गोळ्या परत चालू केल्या तर किती दिवसांत आवरेल?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारू."

तू माझ्याकडे वळून पाहिलंस. "हे तू पहिल्यांदाच म्हणालीस."

मग डेपोला फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवलास. तो येईपर्यंत आपण दोघे शेडमधल्या बाकावर बसलो, बाबांच्या दातांबद्दल बोललो, भाचीच्या मार्कांबद्दल बोललो. तू मला माफ केलंस असं मला वाटलं. घरी येताना मी जवळजवळ खुशीत होते. आणि मग घरी आल्यावर तुझी ती शेवटची ओळ आठवली, जी मला कळली नाही असं मी लिहिलं होतं. ती मला तेव्हाही कळली होती.

माझ्या पहिल्या पत्रात दोन खोट्या गोष्टी आहेत. दहा-पंधरा वर्षं आहेत, असं मी भांडी विसळताना म्हणाले नव्हते. मी हसले होते आणि म्हणाले होते, बघू, तूच माझा पहिला पेशंट. चार वर्षांत माझ्या कामाबद्दल घरात कोणी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. तू ताटं पुसता पुसता विचारत होतास, एकामागून एक, आणि मला ते फार आवडत होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. कुपीचा मला पत्ता नव्हता असं लिहिलं. तू मला चौदा ऑक्टोबरला तिचा फोटो पाठवला होतास, सोबत विकणाऱ्यांनी दिलेला शुद्धतेचा कागद. आज तो मेसेज मी पुन्हा काढला. तू लिहिलं होतंस, "ताई, हे घेऊ का?" मी तेव्हा प्रयोगशाळेत उभी होते, हातात मोजे. एक मोजा काढला, फोटो मोठा केला आणि कागदावरच्या तीन कड्या माझ्याच आहेत का, त्याच क्रमाने आहेत का, ते तपासलं. होत्या. मी उत्तर पाठवलं, "क्रम बरोबर आहे." आणि मोजा परत घातला.

तू लिहिलेलं मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण मला ज्याचं उत्तर येत होतं तेवढंच मी दिलं. तू ते "घे" असं वाचलंस आणि दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्यास, आणि जानेवारीत मी फोनवर ओरडून विचारलं की मी तुला कधी घे म्हटलं. तू फोन ठेवलास, कारण तुझ्या हातात तेव्हा तोच मेसेज उघडा होता. हे मला तुझ्या बायकोने सांगितलेलं नाही. मला तुझ्यावरून कळतं.

वाट्यांची चूक मी कबूल केली ती सोपी होती. ती हाताची चूक होती.

मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय. त्यांच्याकडच्या फॉर्मवर विचारतात की कोणतं औषध घेतलं, कधीपासून, कोणाच्या सल्ल्याने. शेवटच्या रकान्यात माझं नाव लिही आणि नात्याच्या जागी बहीण. तू नाही लिहिलंस तर मी लिहीन. तो मेसेज छापून आणतेय, त्यांना दाखवायला. फोटोतली कुपीही बरोबर घे, उरली असेल तेवढी. साडेनऊला तुझ्या दाराशी येते, दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

आणि तू विचारलं होतंस ना, ताई, हे घेऊ का.

नको रे. नको घेऊस.

ताई